नदीवरच्या बार्जवर स्थानिक वनस्पतींची बाग कशी उभारावी

बार्जवर, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौकेवर, बाग करण्याची कल्पना मनात येते तेव्हा डोळ्यांसमोर झाडे असतात. कामाला हात घातल्यावर मात्र पहिले काही महिने झाडांशी संबंधच येत नाही. ते महिने पोलादी पत्रे, वजनाचे हिशेब, दोर आणि परवानग्या यांत जातात, आणि ते नीट गेले तरच पुढे रोपे हातात घेण्याची वेळ येते. हे काम प्रथमच करू पाहणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने जावे, कुठे घाई करू नये आणि कुठे जाणकाराला बोलावल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये, हे येथे सांगितले आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. जमिनीवरच्या बागेचा हिशेब मातीच्या कसाने मांडला जातो, तर बार्जवरच्या बागेचा हिशेब वजनाने मांडावा लागतो, कारण येथे वर चढवलेला प्रत्येक किलो खाली पाण्याने उचललेला असतो. दुसरी गोष्ट अशी की नदीवर असूनही ही बाग कोरडवाहू असते. तिच्या मुळांचा नदीशी संबंध नसतो, खालून ओल चढत नाही, वारा अडवायला काही नसते आणि ऊन वरून जसे येते तसेच पाण्यावरून परावर्तित होऊनही येते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या दोन गोष्टींच्या विसरण्यातून होतात.

बार्जची निवड

मालवाहू बार्ज ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात वरचा डेक सपाट आणि बंद असतो व माल डेकवरच ठेवला जातो. दुसऱ्यात मधला भाग हौदासारखा उघडा असतो. उघड्या हौदात बाग केली तर माती खाली राहते, त्यामुळे तोल चांगला राहतो आणि रोपांना वाऱ्यापासून आडोसाही मिळतो. पण पावसाचे पाणी तेथून आपोआप बाहेर जात नाही. पंप बंद पडलेल्या एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर हौदाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो पाणी साठते. सपाट डेकवरचे पाणी मात्र स्वतःहून कडेने वाहून जाते. नवशिक्यांनी सपाट डेकचाच बार्ज घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या बाकीच्या अडचणी सोडवता येतात, पण पंपावर अवलंबून असलेली बाग रात्रीची झोप घेऊ देत नाही.

जुना बार्ज पाहायला जाताना रंगावर विश्वास ठेवू नये. बार्ज सुक्या गोदीत, म्हणजे नौका पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करण्याच्या जागेत, चढवून अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजून घ्यावी, आणि हे काम नौका-तपासनिसाकडून करवून त्याचा लेखी अहवाल घ्यावा. पाण्याच्या पातळीची रेषा जेथे येते तो पट्टा आणि तळाच्या आतल्या बाजूचे, पाणी साचून राहणारे कोपरे, ही गंजण्याची दोन मुख्य ठिकाणे होत. पत्रा मूळ जाडीच्या सुमारे एक चतुर्थांशाने झिजला असेल, तर तो बदलण्याचा खर्च धरूनच पुढचा विचार करावा. पत्र्याला जोडलेले संरक्षक धातूचे ठोकळे, जे पोलादाऐवजी स्वतः झिजतात, तेही तपासावेत. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, खाऱ्या पाण्यात जस्ताचे आणि मिश्र पाण्यात ॲल्युमिनियमचे ठोकळे उपयोगी पडतात.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. बार्जच्या पोटातल्या बंद पोकळ्यांत कोणीही एकट्याने आणि तपासणी न करता उतरू नये. पोलाद गंजताना हवेतला प्राणवायू शोषून घेते, आणि महिनोन्महिने बंद असलेल्या पोकळीतली हवा दिसायला स्वच्छ व वासरहित असूनही माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करू शकते. साध्या हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर ती जागा धोक्याची समजली जाते. झाकणे उघडून, पंख्याने हवा खेळवून, मापकाने खात्री करून आणि बाहेर एक माणूस उभा करूनच आत जावे. आत कोणी कोसळले, तर त्याला वाचवण्यासाठी लगोलग आत उडी घेणारा दुसरा माणूसही तसाच कोसळतो. म्हणून बाहेरच्या माणसाने दोर आणि श्वसनाचे साधन यांशिवाय आत जायचे नाही, हे आधीच ठरवून ठेवावे.

परवानग्या आणि जागा

बार्ज विकत घेण्यापूर्वीच तो कुठे बांधून ठेवायचा हे ठरवावे, कारण पाण्यावरच्या वाहतुकीचे नियम पाहणारे खाते, नदीपात्र ज्याच्या मालकीचे आहे ते खाते आणि काठाची जमीन ज्याची आहे तो, हे तिन्ही बहुधा वेगळे असतात. बाग एका जागी कायम राहणार की फिरणार, आणि लोक तिच्यावर चढणार की ती फक्त काठावरून पाहायची, या दोन प्रश्नांची उत्तरे अर्जात सुरुवातीलाच द्यावीत. तपासणीचे निकष, विमा आणि सुरक्षेची साधने यांवरच अवलंबून असतात.

जागा निवडताना नदी वळण घेते त्याचा बाहेरचा काठ टाळावा. तेथे प्रवाह जोरात असतो आणि पुरात वाहून येणारे ओंडके तिकडेच आपटतात. आतला काठ शांत असतो, पण तेथे गाळ साचतो आणि पाणी उतरल्यावर बार्ज एका कडेने टेकून तिरका होऊ शकतो. सरळ पात्रातली, वर्षातल्या सर्वांत कमी पाण्यातही बुडाखाली निदान एक मीटर पाणी राहील अशी जागा उत्तम. ही खोली स्वतः दोर टाकून, उन्हाळ्यात मोजावी.

वजनाचा हिशेब

या भागावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहे. गणित शाळेतले आहे, आणि ते समजले नाही तर बाकीचे सगळे वाया जाते.

चौकोनी पेटीसारख्या बार्जचा हिशेब सोपा असतो. गोड्या पाण्यात एक चौरस मीटर क्षेत्र एक सेंटिमीटर खाली बसले की १० किलो वजन उचलले जाते. समजा, आपला बार्ज २० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे. त्याचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर. म्हणजे दर १.२ टन वजनाला तो एक सेंटिमीटर खाली जाईल. रिकामा असताना तो ३५ सेंटिमीटर पाण्यात बसत असेल, तर त्याचे स्वतःचे वजन सुमारे ४२ टन आहे हेही त्यातूनच कळते.

आता या डेकवर ७० चौरस मीटर वाफे करायचे आणि त्यांत ३० सेंटिमीटर खोलीची माती भरायची असे ठरवू. एकूण माती २१ घनमीटर होते. बागेतली नेहमीची माती पूर्ण भिजल्यावर घनमीटरला १.९ टनांपर्यंत भरते, म्हणजे एकूण सुमारे ४० टन. बार्ज ३३ सेंटिमीटर खाली जाईल. त्याऐवजी हलके मिश्रण वापरले आणि ते भिजल्यावर घनमीटरला १.२ टन भरले, तर एकूण २५ टन, आणि बार्ज २१ सेंटिमीटरच खाली बसेल. येथे ‘भिजल्यावर’ हा शब्द विसरू नये. पोत्यावर लिहिलेले वजन कोरड्या मालाचे असते. मिश्रण मोजक्या मापाच्या बादलीत भरून, पाण्यात रात्रभर ठेवून, थोडे निथळू देऊन स्वतः वजन करावे आणि हिशेबात तोच आकडा धरावा.

वाफ्यांच्या पेट्या, कठडे आणि चालण्याची वाट यांसाठी आणखी ६ टन, वाढलेल्या झाडोऱ्यासाठी चौरस मीटरला २० किलो, आणि एका वेळी चढणाऱ्या ४० माणसांसाठी ३ टन धरले, की आपला बार्ज एकूण सुमारे ६५ सेंटिमीटर पाण्यात बसतो आणि पाण्यापासून डेकपर्यंत ८५ सेंटिमीटर उंची शिल्लक राहते. ही उंची लाटांसाठी, पावसासाठी आणि चुकांसाठी राखीव आहे. जागा दिसते म्हणून तिच्यावर आणखी एक झाड चढवू नये.

बार्ज बुडत नाही एवढ्याने भागत नाही. तो झुकूही नये. रुंदी ही येथे सर्वांत मोठी शक्ती आहे. बुडालेली खोली तेवढीच ठेवून रुंदी निम्मी केली, तर आकारामुळे मिळणारा तोलाचा आधार एक चतुर्थांशावर येतो. वरच्या उदाहरणातले सगळे ४० लोक एखादा पक्षी पाहायला एका कडेला धावले, तर ६ मीटर रुंदीचा बार्ज जेमतेम दीड अंशाने झुकेल आणि ती कड सुमारे ८ सेंटिमीटर खाली जाईल. अरुंद बार्जवर हेच दृश्य भीतिदायक होईल.

तोल बिघडवणारा खरा शत्रू म्हणजे पोटात साचलेले मोकळे पाणी. आपल्या बार्जच्या तळात फक्त ५ सेंटिमीटर पाणी पसरले, तरी ते ६ टन होते, म्हणजे ८० माणसांएवढे; आणि माणसे निदान सांगितल्यावर जागेवर थांबतात, पाणी मात्र बार्ज जिकडे झुकेल तिकडेच धावते व त्याला आणखी झुकवते. लांबीच्या दिशेने मधोमध एक भिंत असेल तर हा परिणाम एक चतुर्थांशावर येतो. म्हणून बार्ज निवडताना पोटात आडव्या-उभ्या भिंती किती आहेत हे पाहावे, प्रत्येक कप्प्याला तळाचे पाणी उपसणारा स्वतंत्र बिल्ज पंप आणि पाणी चढल्याचा इशारा देणारी घंटा बसवावी, आणि पोटाचा उपयोग पावसाचे पाणी साठवण्यासाठी करण्याचा मोह आवरावा. पाणी साठवायचेच असेल, तर मध्यरेषेवर, तळाशी, आतून पडदे असलेल्या लहान बंद टाक्यांत साठवावे.

हे सगळे गणित स्वतः करून पाहावे, पण अंतिम शब्द नौका-अभियंत्याचा असावा. तो एक साधी, सुंदर चाचणीही घेतो. माहीत असलेले वजन डेकवर ठरावीक अंतर एका बाजूला सरकवायचे, आणि पोटात टांगलेला लांब ओळंबा किती हलला ते मोजायचे; त्या हलण्यावरून संपूर्ण बार्जचा तोल आकड्यात मिळतो. डेक कुठे किती भार सोसेल आणि खालच्या तुळया कुठून जातात, याचा आराखडाही त्याच्याकडून घ्यावा, कारण पेट्यांचे पाय त्या तुळयांवरच यायला हवेत.

डेकची तयारी आणि वाफे

ओली माती पोलादाला थेट लागू देऊ नये. ओल, कुजणाऱ्या पानांतली आम्ले आणि विरघळलेले क्षार पत्रा आतल्या आत खातात, आणि मातीखाली ते दिसत नाही. डेक घासून, इपॉक्सी रंगाचे थर देऊन, त्यावर लाकडाचे किंवा पुनर्वापराच्या प्लास्टिकचे जाड ओंडके ठेवून त्यांवर वाफ्यांच्या सुट्या पेट्या बसवाव्यात. पेटीखालून हात आणि पाण्याची नळी जाईल एवढी मोकळी जागा हवी. तेथून हवा खेळते, साचलेला पाला काढता येतो आणि गंज वेळीच दिसतो. पेट्या क्रेनने उचलता येतील अशा आकाराच्या, कोपऱ्यांना कड्या असलेल्या कराव्यात. हा जास्तीचा खर्च पहिल्यांदा खटकतो, पण बार्ज जेव्हा दुरुस्तीला न्यावा लागतो तेव्हा त्याचे मोल कळते.

पेटीच्या आत खालपासून वर असे थर येतात: मुळे रोखणारा जाड प्लास्टिकचा पडदा, निचऱ्यासाठी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा ५ ते ८ सेंटिमीटरचा थर, माती खाली झिरपू न देणारे जाळीदार कापड, आणि त्यावर मिश्रण. मिश्रणाचा मोठा भाग प्युमिससारखा सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे तुकडे यांचा असावा, त्यात थोडी वाळू व त्या परिसरातली माती, आणि सेंद्रिय भाग १० ते २० टक्क्यांच्या आत. जमिनीवर बाग केलेल्यांना हा सेंद्रिय भाग फारच कमी वाटतो. तो कमी ठेवण्याची दोन कारणे आहेत. कंपोस्ट कुजून बसते, आणि दोन वर्षांत वाफा कितीतरी खाली जातो. शिवाय त्यातून निघणारे नत्र व स्फुरद निचऱ्याच्या पाण्याबरोबर सरळ नदीत उतरतात आणि शेवाळाला खाऊ घालतात. नदीसाठी म्हणून केलेल्या बागेने नदीच घाण करावी, हे कोणालाच नको असेल. परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे कण) हलके असले तरी वाऱ्याने उडते व पाण्यावर तरंगते, म्हणून वरच्या थरात ते नसावे. तेथे बारीक खडीचे आच्छादन घालावे.

खोली कोणत्या झाडांसाठी किती, याचा अंदाज असा: खडकावर वाढणाऱ्या मांसल पानांच्या लहान वनस्पतींना १० ते १५ सेंटिमीटर, गवते व फुलझाडांना २० ते ३०, झुडपांना ४५ ते ६०, आणि लहान वृक्षांना ९० किंवा अधिक. सगळीकडे सारखी खोली ठेवण्याची गरज नाही. मध्यरेषेजवळ काही खोल पेट्या, कडेकडे उथळ पेट्या, अशी रचना दिसायलाही चांगली आणि तोलालाही चांगली.

स्थानिक म्हणजे कोठले?

‘स्थानिक वनस्पती’ हा शब्द देशाच्या सीमेने ठरवू नये. नदीच्या खोऱ्याने ठरवावा. एकाच जातीचेही सगळे वाण सगळीकडे स्थानिक नसतात. नळ हे पाणगवत जगात जवळजवळ सगळीकडे आढळते. उत्तर अमेरिकेत मात्र त्याची तिथली मूळ उपजाती युरोपातून आलेल्या वाणापुढे मागे हटत गेली आहे, आणि दोन्ही दिसायला इतके सारखे आहेत की नवख्याला फरक कळत नाही. म्हणून नावाने रोपे मागवण्यापेक्षा बी कुठून गोळा केले हे विचारावे, आणि शक्य असेल तर त्याच खोऱ्यातले बी स्वतः, परवानगी घेऊन, प्रत्येक ठिकाणच्या थोड्याच झाडांवरून गोळा करून रोपवाटिकेत वाढवावे.

यानंतर बहुतेक जण नदीकाठच्या दलदलीत वाढणाऱ्या वनस्पतींची यादी करतात, आणि त्या पहिल्या उन्हाळ्यात वाळून जातात. डेकवरच्या ३० सेंटिमीटरच्या पेटीचे खरे नाते खडकाळ उतार, वाळूचे बांध, माळरान आणि कातळावरची पातळ माती यांच्याशी आहे. तेव्हा आपल्या खोऱ्यातल्या अशा कोरड्या, वाऱ्याच्या, उथळ मातीच्या जागांवर वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत फिरून यावे आणि तेथे टिकून असलेली गवते, कंद आणि फुलझाडे टिपून घ्यावीत. ही भटकंती या सगळ्या उपक्रमातला सर्वांत आनंदाचा भाग आहे, आणि ती टाळून केलेली बाग मला नेहमी उसनी वाटते. यादीत पाठोपाठ फुलणाऱ्या जाती असाव्यात, म्हणजे मधमाश्या व फुलपाखरांना वर्षातला कोणताही महिना उपाशी जात नाही.

पाणथळ वनस्पतींची जागा बार्जच्या कडेला, पाण्यातच आहे. हलकी तरंगती चौकट, तिच्यात काथ्याची जाड चटई, आणि तिच्यावर लव्हाळ्याच्या कुळातल्या व तत्सम स्थानिक पाणवनस्पती लावून ती चौकट बार्जच्या शांत बाजूला दोरांनी बांधावी. मुळे थेट नदीत लोंबतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव वाढतात, माशांची पिल्ले त्यांत आसरा घेतात. शिकागो नदीच्या उत्तर शाखेत ‘वाइल्ड माइल’ या नावाने अशाच तरंगत्या चौकटींवर स्थानिक वनस्पतींचा काठ उभारला जात आहे. त्या भागात नदीच्या दोन्ही कडांना पोलादी भिंती असल्याने नैसर्गिक काठ उरलेलाच नव्हता. डेकवरून निथळणारे पाणी थेट नदीत न सोडता पन्हळीने या चौकटींवर सोडले, तर उरलेसुरले पोषक घटकही तेथील मुळे घेतात. चटईला झाडांची वीण बसेपर्यंत बदके आणि इतर पाणपक्षी कोवळे कोंब खातात, म्हणून पहिले वर्ष वरून जाळी ताणून ठेवावी, आणि पक्षी अडकणार नाहीत अशी ती ताठ असावी.

जलपर्णी मात्र कोणत्याही कारणाने आणू नये. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतले आहे आणि इतरत्र तिने तळी व नद्या झाकून टाकल्या आहेत. बार्ज दुसऱ्या खोऱ्यातून आणला असेल, तर त्याचे बूड आणि दोर घासून, वाळवून मगच पाण्यात सोडावेत. शिंपले आणि परकी पाणवनस्पती अशा प्रवासातूनच पसरतात.

वृक्ष लावावेत का? मोह मोठा असतो. रॉबर्ट स्मिथसन या कलावंताने १९७० मध्ये मॅनहॅटन बेटाभोवती फिरणाऱ्या, झाडांनी भरलेल्या बार्जचे चित्र काढले होते; ते त्याच्या मृत्यूनंतर, २००५ मध्ये प्रत्यक्षात आणले गेले आणि टगबोटीने ओढलेले ते लहानसे वन लोकांनी काठावरून पाहिले. पण तो काही दिवसांचा प्रवास होता, आणि त्यातली झाडे नंतर सेंट्रल पार्कमध्ये लावण्यात आली. कायम राहणाऱ्या बागेत वृक्ष दरवर्षी जड होतो आणि शिडासारखा वारा धरतो. मी तर मध्यरेषेवर दोन-तीन बुटक्या, लवचीक जातींवरच थांबेन. त्यांचे मूळगोळे मातीच्या आत पट्ट्यांनी पेटीच्या तळाशी जखडावेत, आणि झाड मोठे झाल्यावर ते कोठे लावायचे ती जमीन आजच पाहून ठेवावी.

भरणे आणि लागवड

काम सुरू करण्यापूर्वी बार्जच्या चारही कोपऱ्यांवर, बाहेरून, सेंटिमीटरच्या खुणा रंगवून घ्याव्यात. आधी सर्व रिकाम्या पेट्या जागेवर ठेवाव्यात आणि मग मिश्रण भरताना डावी-उजवी, पुढची-मागची अशी आळीपाळीने भरत जावे. एका बाजूच्या सगळ्या पेट्या भरून मग दुसरीकडे वळणे ही घातक सोय आहे. प्रत्येक टप्प्यानंतर चारही खुणा वाचून वहीत लिहाव्यात. सर्व भरून झाल्यावर वाफे पूर्ण भिजवावेत आणि पुन्हा वाचन घ्यावे. हेच आपल्या बागेचे खरे वजन. ते हिशेबापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त आले, तर कारण सापडेपर्यंत एकही रोप लावू नये.

लागवड ओल्या किंवा थंड ऋतूच्या तोंडावर करावी, आणि माती वाफशावर असताना करावी. मोठी रोपे घेऊ नयेत. वाऱ्याच्या जागी वीतभर रोप मोठ्या रोपाला दोन वर्षांत गाठते, कारण त्याची मुळे त्या उथळ मातीलाच आपली समजून वाढतात. गवते व फुलझाडे चौरस मीटरला ६ ते ९ या दाटीने लावावीत, म्हणजे तणाला जागा राहत नाही. वाऱ्याच्या बाजूला उंच, चिवट गवतांची ओळ आधी लावावी आणि तिच्या आडोशाला नाजूक जाती. एखादा कोपरा मुद्दाम उघड्या वाळूचा व खडीचा ठेवावा. जमिनीत बिळे करणाऱ्या एकट्या मधमाश्या आणि जमिनीवर घरटे करणारे सुरयांसारखे पक्षी अशा जागा शोधत असतात. बांधून ठेवलेल्या बार्जवर सुरयांनी वसाहती केल्याची उदाहरणे आहेत, आणि तसे झाले तर विणीच्या काळात तो भाग माणसांसाठी बंद ठेवण्याची तयारी हवी.

पाणी

उन्हाळ्यातल्या वाऱ्याच्या दिवशी वाफ्यातून सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे आपल्या ७० चौरस मीटरला रोज ३५० लिटर लागतील. ३० सेंटिमीटर मिश्रणात झाडांना घेता येईल असे पाणी १५ टक्के राहिले, तर ते ४५ मिलिमीटर होते आणि नऊ दिवस पुरते. यावरून उथळ पेटीला दर तीन-चार दिवसांनी पाणी का लागते हेही समजेल. नदीचे पाणी वापरण्यास हरकत नाही. पण परवानगी घेऊन, पंपाच्या तोंडाला माशांची पिल्ले ओढली जाणार नाहीत अशी बारीक जाळी लावून. समुद्राजवळच्या नद्यांत कोरड्या ऋतूत खारेपणा वरपर्यंत चढतो, म्हणून पाण्यातल्या क्षारांबरोबर वाढणारी विद्युतवाहकता मोजण्याचे लहान यंत्र जवळ ठेवावे. ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंतचे पाणी निर्धास्त वापरावे. ३ च्या वर गेलेले वापरू नये. पहिली दोन वर्षे ठिबक नळ्यांनी पाणी द्यावे आणि पुढे हळूहळू अंतर वाढवत जावे. स्थानिक गवते उन्हाळ्यात पिवळी पडतात. ती मेली असे समजून पाण्याचा मारा करू नये.

बांधणी आणि माणसांची सुरक्षा

नदीची पातळी बदलते, आणि घट्ट बांधलेला बार्ज पाणी चढल्यावर एका कडेने दाबला जातो किंवा उतरल्यावर दोरांना लटकतो. शक्य असेल तेथे नदीत रोवलेल्या खांबांवर वर-खाली सरकणाऱ्या कड्यांनी तो धरावा. तसे नसेल तर लांब, तिरके दोर पुढे-मागे बांधून पातळीच्या बदलाला वाव ठेवावा. नोंदलेल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी शोधून काढावी आणि खांबांची उंची तिच्याहून जास्त ठेवावी. काठावरून येणारा पूल दोन्ही टोकांना बिजागरीवर हवा. चाकांच्या खुर्चीसाठी त्याचा उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नसावा, त्यामुळे पाणी खूप उतरते तेथे पूल लांबच करावा लागतो. लंडनच्या टॉवर ब्रिजजवळ जुन्या बार्जच्या छपरांवर बागा करून ते बार्ज एकमेकांना पुलांनी जोडले आहेत. भरती-ओहोटीच्या नदीतही असे जगणे शक्य असल्याचे ते दीर्घकाळचे उदाहरण आहे.

१.१ मीटर उंचीचा कठडा, जीवरक्षक कडी, आणि पाण्यात पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशा दोन्ही बाजूंच्या शिड्या, यांवर काटकसर करू नये. दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर आणि मोजके असावेत, व माणसे गेल्यावर विझवावेत. पाण्यावर पडणारा रात्रीचा उजेड मासे आणि कीटक यांना भलतीकडे ओढतो.

पुढची देखभाल

दर आठवड्याला चार कोपऱ्यांच्या खुणा वाचणे हे बागेतले पहिले काम, खुरपणी दुसरे. पाऊस नसताना बार्ज खाली बसू लागला, तर कुठेतरी पाणी आत येत आहे. एकच कोपरा खाली जात असेल, तर तेथील कप्पा किंवा तेथील पेटीचा तुंबलेला निचरा तपासावा. निचऱ्याची तोंडे पानगळीच्या दिवसांत रोज पाहावीत.

पक्षी बिया आणतात आणि त्यांतून वड-उंबराच्या कुळातली रोपे फटींत रुजतात. ती दोन पानांची असतानाच उपटावीत, कारण त्यांची मुळे सांधे फोडतात. खत देऊ नये. वाळलेली गवते ऋतूच्या शेवटी एकदम न कापता निम्मी कापावीत आणि निम्मी पोकळ देठांत राहणाऱ्या किड्यांसाठी उभी ठेवावीत. कापलेले बार्जवरून खाली न्यावे, म्हणजे माती सुपीक आणि जड होत जात नाही.

निदान दर पाच वर्षांनी बार्ज सुक्या गोदीत जाईल. त्याच्या आधीच्या वर्षी प्रत्येक जातीचे बी गोळा करून, जागा व तारीख लिहून, कोरड्या डब्यांत ठेवावे. पेट्या उचलण्यापूर्वी त्यांचे क्रमांक आणि जागा यांचा नकाशा काढावा, दोन दिवस पाणी तोडून त्या हलक्या कराव्यात आणि उतरवतानाही भरतानासारखेच डावी-उजवी आळीपाळीने उतरवाव्यात. काठावर त्यांच्यासाठी सावलीची, पाण्याची सोय असलेली जागा आधी मिळवावी. पाण्यातल्या चौकटी नदीतच, खांबांना बांधून राहू द्याव्यात. त्यांतल्या माशांना आणि पक्ष्यांना गोदीच्या वेळापत्रकाशी काही देणेघेणे नसते.